लम्पी त्वचारोग : औषध नाही म्हणतात, मग उपचार कशाचा?



आपल्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांतून जनावरांच्या लम्पी आजाराविषयी एक प्रश्न वारंवार विचारला जातो. शब्द वेगवेगळे, पण मतलब एकच. "या रोगावर औषध नाही असं डॉक्टरच सांगतात. मग दवाखान्यात कळवून उपयोग काय?"

प्रश्न रास्त आहे. ज्याच्या दावणीला एकच बैलजोडी आहे, त्याचा एक बैल ऐन पेरणीत बसला तर जोडी मोडते. शेजाऱ्याकडं बैल मागावा तर त्यालाही घात साधायची असते. डेअरीच्या पगारावर ज्या माउलीचा किराणा चालतो, तिची गाय आटली तर घरातला रोजचा पैसाच थांबतो. अशा वेळी जो कोणी छातीठोकपणे "माझ्याकडं औषध आहे" म्हणेल त्याच्याकडं माणूस धावतो आणि खरा उपचार राहून जातो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर या पत्रकात नीट समजावून घेऊ.

आधीच सांगतो, मी शेतीखात्याचा माणूस आहे, पशुवैद्य नव्हे. कोणतं इंजेक्शन, किती मात्रेत, हे या पत्रकात मिळणार नाही. ते जनावर पाहूनच ठरवायचं काम आहे आणि ते डॉक्टरांचं आहे. पण रोग कसा चालतो, डॉक्टर कशावर उपचार करतात आणि मालकानं गोठ्यात काय करायचं, एवढं प्रत्येक पशुपालकाला ठाऊक असलं पाहिजे.

हा रोग आला कुठून?

लम्प म्हणजे गाठ. अंगभर गाठी उठतात म्हणून लम्पी हे नाव पडलं. हा विषाणूपासून होणारा रोग आहे. विषाणू देवीच्या कुळातला असून मेंढ्यांची देवी आणि शेळ्यांची देवी यांचे विषाणू त्याचे सख्खे भाऊ आहेत. मात्र लम्पी होतो तो गाईबैलांना, आणि कमी प्रमाणात म्हशींना. शेळ्यामेंढ्यांना तो होत नाही.

१९२९ साली आफ्रिकेतल्या झांबिया देशात या रोगाची पहिली नोंद झाली. आपल्या देशात तो २०१९ साली ओडिशात आढळला. महाराष्ट्रात २०२० साली गडचिरोली जिल्ह्यात दिसला. २०२२ च्या उन्हाळ्यापावसाळ्यात गुजरात आणि राजस्थानात त्यानं कहर केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो जळगाव जिल्ह्यात निघाला आणि काही आठवड्यांत राज्यभर पसरला. त्या एका वर्षात देशात एक लाखाहून जास्त जनावरं दगावली. त्यानंतरही तो अधूनमधून डोकं वर काढतो, विशेषतः पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, जेव्हा माश्या-डास फार असतात.

काही गावांत याला जनावरांची देवी म्हणतात. कुळ तेच असल्यानं नाव अगदीच चूक नाही. पण देवी आली म्हणून औषध करायचं नाही, नुसता अंगारा लावून बसायचं, हे मात्र चूक. पूजा करणाऱ्यानं पूजा करावी, आमचं काही म्हणणं नाही. पण त्याआधी दवाखान्यात निरोप पाठवावा.

पसरतो कसा?

या रोगाचे मुख्य वाहक म्हणजे रक्त पिणारे कीटक. गोठ्यातल्या चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड. आजारी जनावराला चावलेली माशी अर्धवट पोटानं उठते आणि शेजारच्या जनावरावर बसते. तिच्या सोंडेला लागलेला विषाणू तिथं टोचला जातो.

याखेरीज आणखी वाटा आहेत. आजारी जनावराची लाळ आणि नाकातला स्राव गव्हाणीत, पाण्याच्या हौदात पडतो. गाईच्या सडावर व्रण असतील तर पिणाऱ्या वासराला रोग लागतो. वळूच्या वीर्यातूनही विषाणू जातो. आणि एक वाट माणूसच तयार करतो, ती म्हणजे एकाच सुईनं साऱ्या दावणीला इंजेक्शन देणं.

माशी उडून उडून किती लांब जाणार? फार तर शेजारच्या शिवारापर्यंत. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात रोग जातो तो बाजारच्या टेम्पोतून, चाऱ्यासाठी किंवा ऊसतोडीसाठी हलवलेल्या जनावरांतून.

लागण झाल्यावर लक्षणं दिसायला चार दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. काही जनावरांच्या अंगावर तर गाठी उठतच नाहीत, तरी त्यांच्या रक्तात काही दिवस विषाणू असतो. म्हणून बाजारातून आणलेलं जनावर धडधाकट दिसतंय एवढ्यावर भरवसा ठेवू नका. नवं जनावर चार आठवडे वेगळं बांधा.

ओळखायचा कसा?

गाठी दिसण्याच्या एक-दोन दिवस आधी ताप येतो. गाईचा नेहमीचा ताप साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतो. या रोगात तो १०४ ते १०६ पर्यंत चढतो. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, तोंडातून लाळ गळू लागते. जनावर वैरणीला तोंड लावत नाही, रवंथ मंदावतो, दूध एकाएकी घटतं. खांद्याच्या पुढच्या आणि मागच्या मांडीपुढच्या अवधाणाच्या गाठी सुजतात. हात फिरवला तर लागतात.

मग कातडीवर गाठी उठतात. मान, डोकं, पाठ, पाय, कास आणि शेपटीखालचा भाग ही त्यांची ठिकाणं. सुपारीपासून मोठ्या लिंबाएवढ्या, गोल, टणक आणि कातडीत रुतलेल्या अशा त्या असतात. पुष्कळदा पायांना आणि पोळीला सूज येऊन जनावर लंगडतं. तोंडात, नाकात, डोळ्यांत व्रण पडतात. गाभण गाय गाभडू शकते. गाठ पिकली की तिच्या मधला भाग काळा पडून सुटतो आणि तिथं खोल जखम होते.

प्रत्येक गाठ लम्पीचीच असते असं नाही. किडा चावून किंवा चाऱ्यातलं काही बाधून अंगावर गांधी उठतात, त्या मऊ असतात, एकाएकी येतात आणि बहुधा एक-दोन दिवसांत जातात. लम्पीत आधी ताप असतो आणि गाठ टणक असते. तरीही शंका आली की निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या. गरज पडल्यास ते खपली, रक्त किंवा नाकातला स्राव प्रयोगशाळेत पाठवतात.

औषध नाही, मग उपचार कशाचा?

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. लम्पीचा विषाणू मारणारं खास औषध नाही, ही गोष्ट खरी आहे. पण जनावर दगावतं ते नेहमी एकट्या विषाणूनं नाही. त्याच्या मागून जे येतं, ते घात करतं.

पिकाचंच उदाहरण घ्या. गारपिटीनं डाळिंबाच्या फळाला जखम झाली. गार तर पडून गेली, तिच्यावर औषध नाही. पण त्या जखमेतून बुरशी आणि जिवाणू शिरले तर उरलेली बागही जाते. म्हणून गारपिटीनंतर आपण फवारणी करतो, ती गारेवर नसते, जखमेवर असते. लम्पीतही तसंच आहे. विषाणूनं अंगाची ताकद घटलेली असते, कातडीवर, तोंडात, श्वासनळीत व्रण पडलेले असतात. तिथं जिवाणू शिरून पू होतो, न्यूमोनिया होतो, कासेला दगडी होते, जखमेत अळ्या पडतात. भर म्हणून जनावर खात-पीत नाही आणि खंगत जातं.

डॉक्टर उपचार करतात ते या सगळ्यावर. ताप आणि वेदना कमी करायला एक औषध असतं. जिवाणूंना आवरायला प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक असतं. सूज आणि खाज यांवर, अशक्तपणावर, जखमांवर वेगवेगळी औषधं असतात. तेवढ्यात जनावराचं स्वतःचं रक्त विषाणूशी लढून त्याला हटवतं. लढाई जनावरच लढतं. त्याला पडू न देणं हा उपचार. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जनावरं दोन-तीन आठवड्यांत सावरतात. गाठींचे वण भरायला मात्र काही महिने लागू शकतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. उपचाराचा खरा फायदा पहिल्या दोन-चार दिवसांत सुरू केला तरच. फुप्फुसात पाणी झाल्यावर, जनावर आडवं पडल्यावर डॉक्टरांना बोलावलं तर त्यांच्याही हातात फारसं उरत नाही. आणि मग गावात बोलवा उठते, "दवाखान्याचं औषध लागू पडत नाही." औषध लागू पडतं, ते वेळेवर पोचावं लागतं.

पहिल्या दिवशी करायची कामं

१. जनावर लगेच वेगळं बांधा. त्याच गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. शक्य तितकं लांब, सावलीत, कोरड्या जागी. त्याची पाटी, बादली, दावं वेगळं ठेवा. गाई आणि म्हशीही एकत्र बांधू नका.

२. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. दवाखाना लांब असेल तर १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा किंवा ग्रामपंचायतीत सांगा. जनावरांतील संसर्गजन्य रोगांविषयीचा २००९ चा कायदा आहे. त्यानुसार असा रोग दिसल्यास कळवणं मालकावर बंधनकारक आहे.

३. आजारी जनावर चालवत दवाखान्यात नेऊ नका. वाटेत ते सगळ्या गावाच्या माश्यांना रोग वाटत जाईल. डॉक्टरांनाच गोठ्यावर बोलवा.

४. घरात तापमापक असेल तर गुदद्वारात लावून ताप मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. ताप केव्हा आला, खाणं केव्हा सुटलं, किती महिन्यांची गाभण आहे, लस केव्हा दिली होती, हे डॉक्टरांना सांगा. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबरही लिहून ठेवा.

५. उरलेल्या सगळ्या जनावरांवर रोज सकाळी हात फिरवा. विशेषतः मान, पाय आणि कास चाचपून पाहा.

रोजची शुश्रूषा

इंजेक्शन देऊन डॉक्टर जातात. पुढचे पंधरा दिवस जनावर असतं ते मालकाच्या आणि मालकिणीच्या हाती.

चारा-पाणी : तोंडात व्रण असतात म्हणून वाळका कडबा टोचतो. हिरवा लुसलुशीत चारा बारीक करून द्या. पेंड-कोंड्याचं आंबोण सैल कालवून, त्यात थोडा गूळ घालून द्या. पाणी स्वच्छ, आणि दिवसातून चार-पाच वेळा तोंडाशी न्या. जनावर स्वतः खात नसेल तर नळकांड्यानं जबरीनं पाजू नका. ठसका लागून औषध फुप्फुसात गेलं तर नवंच दुखणं होतं.

जखमा : जखम रोज धुवा. पोटॅशियम परमँगनेट पाण्याला गुलाबी रंग येईल इतपतच टाका, जास्त झाल्यास कातडी भाजते. धुतल्यावर कोरडं करून डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा आणि माशी बसणार नाही असं औषध भोवती लावा. तोंडातल्या व्रणांना बोरोग्लिसरीन लावतात. गाठी फोडू नका, डाग देऊ नका.

घरगुती औषध : विड्याची १० पानं, १० ग्रॅम मिरी, १० ग्रॅम मीठ वाटून गुळातून चाटवण्याचा उपाय राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं पशुपालकांना सुचवला आहे. कडुनिंब, तुळस, मेंदीचा पाला, लसूण आणि हळद तेलात उकळून, गार करून जखमांना लावण्याचीही रीत आहे. डॉक्टरांना विचारून हे जोडीला जरूर करा. त्याच्या भरवशावर डॉक्टरांचं औषध मात्र बंद करू नका.

उठबस : सुजल्या पायांनी जनावर बसून राहतं आणि त्याला कुशी दुखून जखमा होतात. खाली भुस्सा किंवा पाचट पसरा. दिवसातून दोन-तीन वेळा कूस बदला, आधार देऊन उभं करा. बैल असेल तर पूर्ण बरा होऊन अंगात ताकद येईपर्यंत जू मानेवर ठेवू नका. वशिंडापुढं गाठ असलेल्या बैलाच्या मानेवर जू घासलं तर ती जखम हंगामभर भरत नाही.

धार काढताना : आधी निरोगी गाईंची धार काढा, आजारी गाईची सर्वांत शेवटी. नंतर हात साबणानं धुवा. आजारी गाईची कास रोज पाहा. दूध नासकं किंवा गाठीचं आलं तर लगेच सांगा.

गोठा : चावरी माशी अंडी घालते ती मुतात भिजलेल्या, कुजलेल्या वैरणीत आणि शेणात. कडेची उष्टावळ रोज उचला, मुताचा चर वाहता ठेवा, उकिरडा गोठ्यापासून लांब न्या. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा, पण जनावराला ठसका लागेल एवढा नको. गोचिडांचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच वापरा. जमीन आणि गव्हाण आधी खरडून, धुऊन घ्या आणि मग २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट फवारा. शेणावर फवारलेलं जंतुनाशक वाया जातं. वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभराहूनही जास्त टिकतो, म्हणून गळालेल्या खपल्या गोळा करून जाळा.

या गोष्टी करू नका

• दुकानातून स्वतःच्या मनानं इंजेक्शन आणू नका. सुजेवरची काही जलद गुण देणारी औषधं अंगाची प्रतिकारशक्ती दाबतात आणि गाभण गाईला गाभडवूही शकतात. दोन दिवस बरं वाटतं, चौथ्या दिवशी जनावर बसतं.

• माणसांसाठी असलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक जनावराला टोचू नका. गिधाडांना ते मारक ठरल्यामुळे २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे.

• एकाच सुईनं गावभर इंजेक्शन देत फिरणाऱ्याला गोठ्यात येऊ देऊ नका. सुई दर जनावराला नवी हवी. हे सरकारी माणसालाही हक्कानं सांगा.

• आजारी जनावर बाजारात नेऊ नका, चरायला सोडू नका, सामाईक हौदावर पाजू नका. गाय माजावर आली तरी वळूकडे नेऊ नका.

• वैतागून जनावर मोकाट सोडून देऊ नका. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं जनावर रस्त्यावर तडफडतं, आणि मरण्याआधी दहा गोठ्यांना रोग देऊन जातं.

लस : हीच खरी ढाल

विषाणूला मारणारं औषध नसलं तरी त्याला अंगात शिरूच न देणारी वाट आहे, ती म्हणजे लस. २०२२ च्या साथीत शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना दिली गेली. विषाणू भाऊभाऊ असल्यामुळे एकाच्या लसीनं दुसऱ्यापासून संरक्षण मिळतं. त्याच वर्षी १० ऑगस्टला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या हिसार आणि इज्जतनगर येथील संस्थांनी खास लम्पीसाठी तयार केलेली 'लम्पी-प्रोव्हॅक-इंड' ही लस जाहीर झाली.

लसीबद्दल चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, लस निरोगी जनावरालाच द्यायची. आजारी जनावराला ती देत नाहीत, कारण लस हा उपचार नव्हे. दुसरी, संरक्षण तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून रोग वेशीवर येण्याची वाट पाहू नका, पावसाळ्याआधीच टोचून घ्या. मधल्या तीन आठवड्यांत रोग झाला तर तो लसीमुळे झाला असं समजू नका. लागण बहुधा आधीच झालेली असते. तिसरी, टोचल्या जागी थोडी सूज, एखाद-दोन दिवस ताप आणि दूध जरा कमी होणं हे होऊ शकतं. ते आपोआप जातं. चौथी, दरवर्षी लस द्या आणि वासरं विसरू नका. गाईला लस दिलेली असेल तर तिच्या चिकातून वासराला काही महिने संरक्षण मिळतं. म्हणून वासरू जन्मल्यावर चीक लवकरात लवकर पाजा आणि पुढं त्याची लस केव्हा, ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

गावात रोग निघाला की भोवतालच्या पाच किलोमीटरच्या टापूतल्या गावांत लसीकरण करतात. आपल्या गावात एकही जनावर आजारी नसताना डॉक्टर लस घेऊन आले तर त्यांना परत पाठवू नका. तीच योग्य वेळ आहे. ऊसतोडीला किंवा बाजाराला बैल न्यायचे असतील तर लस देऊन २८ दिवस उलटू द्या. साथ असताना पोळ्याला मिरवणूक नको. बैल दारातच पुजावा, नैवेद्य दारातच द्यावा.

माणसाला होतो का? दूध प्यावं का?

लम्पी माणसाला होत नाही. आजारी जनावराची सेवा करणाऱ्यानं हात धुवावेत, कपडे बदलावेत. ते स्वतःच्या भीतीनं नव्हे, तर दुसऱ्या जनावरांपर्यंत रोग नेऊ नये म्हणून. दूध नेहमीप्रमाणे उकळून प्यावं. मात्र जनावराला अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नका आणि घरातही वापरू नका. आजारी गाईच्या सडावर व्रण असतील तर वासराला तिला प्यायला सोडू नका, दूध उकळून कोमट करून वेगळ्या भांड्यातून पाजा.

जनावर दगावलं तर

सगळं करूनही काही जनावरं जातात, विशेषतः लहान वासरं आणि आधीच अशक्त असलेली. तसं झालं तर मढं ओढ्यात किंवा माळावर टाकू नका, कातडं काढायला देऊ नका. गावाबाहेर, विहीर आणि ओढ्यापासून दूर, आठ फूट खोल खड्डा घेऊन त्यात पुरा आणि वरखाली चुना टाका.

पुरण्याआधी दवाखान्यात कळवून पंचनामा करून घ्या. २०२२ च्या साथीत राज्य शासनानं दगावलेल्या दुधाळ गाईसाठी ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलासाठी २५,००० रुपये आणि वासरासाठी १६,००० रुपये मदत ठरवली होती. सध्या काय तरतूद आहे ते दवाखान्यात विचारा. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा. कोणत्याही मदतीला कागद लागतो आणि कागद होतो तो रोगाची नोंद असेल तरच.

झाकून ठेवल्यानं काय होतं?

पुष्कळ लोक रोग लपवतात, कारण त्यांना धास्ती असते. डेअरी दूध बंद करेल, गाईला गिऱ्हाईक मिळणार नाही, गावात नाव होईल. ही धास्ती खोटी नाही. पण हिशेब मांडून पाहा.

समजा, एका वस्तीवर दोन घरं आहेत. एकानं पहिल्या गाठीला कळवलं. त्याची गाय वेगळी झाली, उपचार सुरू झाले, आसपासच्या जनावरांना लस मिळाली. महिनाभर त्याचं दूध बुडालं, पण गाय राहिली. दुसऱ्यानं आठ दिवस गाय आतल्या गोठ्यात कोंडली आणि ओळखीच्या माणसाकडून चोरून इंजेक्शनं टोचली. आठ दिवसांत माश्यांनी रोग बैलाकडं आणि कालवडीकडं नेला. गाईची अवस्था हाताबाहेर गेल्यावर त्यानं डॉक्टरांना बोलावलं. आता एकाच्या जागी तीन जनावरांचा खर्च आला, हंगामाला बैल नाही, नोंद उशिरा झाल्यामुळे मदतीच्या कागदातही अडचण आली आणि वस्तीवरच्या लोकांचे शब्दही ऐकावे लागले. माशीला बांध कळत नाही. एका गोठ्यात लपवलेला रोग साऱ्या गावाचा होतो.

शेजाऱ्यांनाही एक विनंती आहे. ज्याच्या गोठ्यात रोग निघाला त्याला वाळीत टाकल्यासारखं वागवू नका. तसं केलं तर पुढचा माणूस नक्की लपवेल. त्याच्या आजारी जनावराजवळ जाऊ नका, पण त्याच्या रानात एक दिवस आपलं औत घाला, त्याच्या निरोगी जनावरांची वैरण बांधावर आणून टाका. आपल्याकडं इर्जिक करायची रीत आहे. तिचा उपयोग अशाच वेळी करायचा.

थोडक्यात

ताप आणि गाठ दिसली की वेगळं बांधा, त्याच दिवशी कळवा, डॉक्टरांचं औषध पुरे दिवस करा, मऊ चारा आणि भरपूर पाणी द्या, जखम रोज धुवा, माशी-गोचीड आवरा, आणि निरोगी जनावरांना दरवर्षी लस द्या. विषाणूवर औषध नाही, पण आजारी जनावरावर उपचार आहे, आणि तो करून घेणं मालकाच्या हातात आहे.

हे पत्रक वाचून झाल्यावर गोठ्याच्या दाराशी लावून ठेवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. आणखी काही शंका असतील तर कार्यक्रमाला जरूर लिहा; पुढील भागात उत्तर देऊ.

आपलं पशुधन सुखरूप राहो. नमस्कार.